आखनचे खांब, वसईची घंटा

परीक्षेच्या दिवशी सासऱ्यांना बरोबर न्यावं असं कुठल्याही शहाण्या सुनेला वाटणार नाही, आणि शुभदा चांगली शहाणी होती. पण सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता वासुदेवरावांनी जाहीर केलं, की आज तेही तिचं देऊळ बघायला येणार. चारुदत्तने, म्हणजे शुभदाच्या नवऱ्याने, वडिलांना वळवून बघितलं. बाहेर थंडी आहे, बराच वेळ उभं राहायचंय, सगळं जर्मनमध्ये असणार, तुम्हाला कंटाळा येईल. वासुदेवराव म्हणाले, थंडीला कानटोपी आहे, उभं राहायला पाय आहेत आणि जर्मनला तू आहेस. आता ह्यावर कोण काय बोलणार? शुभदाने आपले पोहे तसेच झाकून ठेवले.

देऊळ म्हणजे आखनचा डोम, बाराशे वर्षांपूर्वी कार्ल सम्राटाने बांधलेलं चर्च. बाकी जग त्याला शार्लमेन म्हणतं, पण आखनमध्ये तो नुसता कार्ल, कालपरवापर्यंत शेजारच्या गल्लीत राहत असल्यासारखा. त्या डोममध्ये लोकांना फिरवून माहिती सांगायची, त्याचं रीतसर प्रमाणपत्र मिळवायचं, ह्यासाठी शुभदाने गेलं अख्खं वर्ष घातलं होतं. आणि हे काही हौसेचं काम नव्हतं हो. बाई पुण्यात इतिहासाची एम.ए., कॉलेजात शिकवत होती. लग्न झालं, चारुदत्तला इथे गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, आणि इतिहास काय तिकडेही असतोच, असं सगळ्यांनी हसत हसत सांगून तिला विमानात बसवलं. इतिहास इथे होताच, पण तिची डिग्री इथे कुणी विचारली नाही. मग बालवाडीत मुलांची नाकं पूस, बेकरीत पाव रच, असं करत बारा वर्षं गेली. तिने कधी कुरकुर केली नाही, पण "तू काय करतेस?" असं कुणी विचारलं की ती चटकन विषय बदलायची. चारुदत्तला ते दिसायचं आणि त्याला वाईट वाटायचं.

शरद ऋतूत तिने पहिल्यांदा परीक्षा दिली आणि नापास झाली. परीक्षक फ्राउ क्रेमर, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, तुमचं एकही साल चुकलं नाही, पण हे सगळं मला घरी बसून पुस्तकात वाचता येतं, त्यासाठी मी थंडीत बाहेर का यावं? शुभदा त्या दिवशी घरी येऊन आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडली. परीक्षा म्हणजे खऱ्या पाहुण्यांच्या गटाला परीक्षकांसमोर डोम दाखवायचा, आणि दोनच संधी मिळतात, असा नियम. आज दुसरी. आज गेली तर परत पावाच्या टोपल्या, आणि ह्या खेपेला ती पुन्हा उठेल असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं.

अशा दिवशी वासुदेवराव बरोबर. माणूस वाईट नव्हे, लक्षात घ्या. उंचापुरा, ताठ, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. पण अभिमान म्हणाल तर तो घरात मावत नसे. आणि त्या अभिमानाचं मुख्य ठिकाण म्हणजे गावच्या शंकराच्या देवळातली घंटा. चिमाजी आप्पांनी सतराशे एकोणचाळीस साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. त्यातलीच एक आपल्या गावात, आणि ती आणणाऱ्या तुकडीत आपले पूर्वज होते, असं वासुदेवराव सांगत. जर्मनीत येऊन तीन आठवडे झाले होते, तेवढ्यात ही हकीकत वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला, दाताच्या डॉक्टरला आणि बसमधल्या एका सालस विद्यार्थ्याला सांगून झाली होती. भाषांतर करून करून चारुदत्तच्या नाकी नऊ आले होते. सांगताना वासुदेवरावांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शुभदाला ती घंटा चांगली ठाऊक होती. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेली तेव्हा सासूबाईंनी, साधनाताईंनी, तिला स्टुलावर चढवून तेला-शेंदराखालची अक्षरं दाखवली होती. परकी अक्षरं, एक साल, आणि त्याच्यावर बोटभर लांबीचा क्रूस. तिने क्रूसावरून बोट फिरवलं आणि तिच्या मनात आलं, की ही घंटा वाजल्यावर दाराशी येऊन उभी राहणारी माणसं एके काळी वेगळी होती. त्यांना ती गेल्यावर काय वाटलं असेल? प्रश्न साधा होता, इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारच. पण खाली उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते बघून तिने तो गिळला, आणि पुढे कधी वर येऊ दिला नाही. सासूबाई वारल्या, वर्षं गेली, वासुदेवराव हकीकत सांगत राहिले आणि शुभदा मान डोलवत राहिली.

डोमपाशी पोचल्यावर पहिलं संकट बुटांचं. वासुदेवराव दाराबाहेर वाकून नाड्या सोडायला लागले. चारुदत्तने हळूच सांगितलं, बाबा, इथे बूट घालूनच जातात. देवाच्या घरात बूट घालून जायचं, हे काही त्यांना पटेना, पण मागे लोकांची रांग लागली म्हणून कसेबसे उठले. आत गेले आणि दुसरं संकट. डोमचा जुना भाग आठ कोनी आहे, मधे मोकळी जागा आणि भोवताली गोल फिरता येईल असा मार्ग. तो मार्ग बघितला मात्र, वासुदेवरावांचे हात आपोआप जोडले गेले आणि त्यांनी उजव्या हाताला देव ठेवून प्रदक्षिणा सुरू केली. गटातली दोन माणसं, मार्गदर्शकाचा हाच क्रम असेल असं समजून, त्यांच्यामागे चालू लागली. फ्राउ क्रेमर भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. शुभदाने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. चारुदत्त धावत जाऊन वडिलांना परत घेऊन आला.

गटात फार माणसं नव्हती. कोलोनचं एक तरुण जोडपं, काही निवृत्त शिक्षिका, आणि लीएजहून आलेल्या एक आजी. बेल्जियमची सीमा इथून बसने जाण्याइतकी जवळ, तेव्हा तिकडची माणसं आखनला येत-जात असतात. ह्या आजींनी गळ्याला लाल मफलर गुंडाळला होता आणि त्या प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकत होत्या.

शुभदाने सुरुवात केली. इथल्या जमिनीतून गरम पाणी येतं, ते रोमनांच्याही आधीपासून. त्या पाण्यात ग्रान्नुस नावाचा, बरं करणारा देव राहतो, असं इथली जुनी माणसं मानत. रोमन आले, त्यांनी त्या पाण्यावर आपली स्नानगृहं बांधली आणि त्या देवाला आपल्या देवांच्या पंगतीत बसवून घेतलं. रोमन गेले, कार्ल आला, आणि आज आपण उभे आहोत ते चर्च त्याच स्नानगृहांच्या पायावर उभं राहिलं. जो जिंकतो तो आधीच्या देवाच्याच जागेवर आपलं देऊळ बांधतो, हे ती नुसतं सांगत नव्हती, पायाने फरशीवर ठोकून दाखवत होती. चारुदत्त वडिलांच्या कानाशी मराठीत सांगत होता, आणि वासुदेवराव हे सगळं आपल्या ओळखीचं असल्यासारखी मान हलवत होते.

मग ती खांबांवर आली. वरच्या मजल्याच्या कमानींमध्ये उभे असलेले ते उंच संगमरवरी खांब हा डोमचा मोठा तोरा. कार्लने ते इटलीतून, रोमहून आणि राव्हेनाहून आणले, आल्प्स पर्वत ओलांडून. तेव्हा त्याने इटलीतल्या राजाचा पराभव केला होता, पोपची परवानगी होती. आपणही रोमन सम्राटांच्या तोडीचे, हे जगाला दाखवायचं तर खांब रोमचेच हवेत. हजार वर्षं ते इथे उभे राहिले. आणि मग, इथे शुभदाचा आवाज भरून आला, सतराशे चौऱ्याण्णव साली फ्रेंच फौजा आल्या, त्यांनी हे खांब उपटले आणि लुटून पॅरिसला नेले. नेपोलियन पडल्यावर काही परत आले, पण सगळे नाही. काही आजही पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहेत, आणि इथे त्यांच्या जागी नवे बसवावे लागले.

लीएजच्या आजींनी हात वर केला. अगदी शांत आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही फ्रेंचांच्या लुटीबद्दल इतक्या दुःखाने सांगितलंत. राव्हेनाचं दुःख कुठे गेलं? तिथूनही कुणीतरी खांब नेलेच ना?"

कोलोनचा मुलगा हसला. शिक्षिकांनी एकमेकींकडे बघितलं. फ्राउ क्रेमरनी वहीतून डोळे वर केले. ह्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर शुभदाकडे होतं, चांगलं चार ओळींचं. जुन्या काळी इमारतींचे भाग पुन्हा वापरायची पद्धत होती, परवानगी लेखी होती, वगैरे वगैरे. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आता पुन्हा पुस्तक वाचून दाखवणार आहोत. आणि दुसरंही एक उत्तर तिच्याकडे होतं. ते खरं होतं, पण ते द्यायचं तर दहा पावलांवर कानटोपी घालून उभ्या असलेल्या माणसाच्या देखत द्यावं लागणार होतं. क्षणभर तिला वाटलं, गेलं, परीक्षाही गेली. मग ती बोलली, जर्मनमध्ये, नेहमीपेक्षा सावकाश.

"तर, मी माझ्या घरचं सांगते. माझ्या सासरच्या गावात शंकराचं देऊळ आहे. तिथली घंटा वसई नावाच्या ठिकाणच्या एका चर्चमधली आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली तेव्हा ती उतरवली. आम्ही म्हणतो, आमच्या लोकांनी ती आणली. त्या चर्चच्या दारात जी माणसं तेव्हा उभी होती ती काय म्हणाली असतील, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. ती घंटा वाजते तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून येते, हे खरं आहे. ती दुसऱ्या कुणाची होती, हेही खरं आहे. आजी, राव्हेनाचं दुःख मी सांगितलं नाही, कारण मला घरी तशीच सवय लागली आहे."

चारुदत्तच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वासुदेवरावांनी त्याची बाही ओढून विचारलं, काय म्हणाली ती? काही नाही बाबा, खांबांचंच चाललंय, असं तो पुटपुटला. सज्जन माणूस, पण खोटं बोलायची अक्कल शून्य.

"वसई म्हणाली ती," वासुदेवराव म्हणाले. "चिमाजी आप्पा म्हणाली. मी बहिरा नाही. जे बोलली ते जसंच्या तसं सांग."

चारुदत्तने सांगितलं. जसंच्या तसं, खाली मान घालून. वासुदेवराव ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. मग त्यांनी कानटोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि गटाच्या मधोमध येऊन सुनेसमोर उभे राहिले. शुभदाला वाटलं, आता सगळं संपलं. इतक्या वर्षांचं मान डोलावणंही संपलं.

"माझं ह्यांना सांग," ते म्हणाले. "चारूने नको, तूच सांग. पण माझं सांगायचं, त्यात तुझं मिसळायचं नाही."

तिने फ्राउ क्रेमरकडे बघितलं. त्यांनी मान हलवून सांगा म्हटलं.

"घंटा आम्ही जिंकून आणली," वासुदेवराव म्हणाले, आणि शुभदा वाक्यावाक्याने जर्मनमध्ये सांगू लागली. "त्याची मला लाज नाही. पोर्तुगीजांनी वसईच्या मुलखात आमची देवळं पाडली होती. आमची माणसं तिथे मेली, म्हणून वसई मिळाली. मी मरेपर्यंत त्याचा अभिमान सांगेन. हे झालं एक."

मग त्यांचा आवाज खाली आला.

"चार वर्षांपूर्वी आमच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. फरशी नवी, कळस नवा. बैठकीत पोरं म्हणाली, घंटेवरचा क्रूस घासून टाकू आणि तिथे देणगीदारांची नावं कोरू. सगळ्यांनी हात वर केले. मी विश्वस्त होतो. मी म्हटलं, अरे, त्या क्रूसामुळे ती वसईची आहे. क्रूस गेला की ती बाजारातून आणलेली घंटा होईल, मग मिरवायचं काय? ज्याच्याकडून जिंकलं त्याची खूण पुसली, तर जिंकलं कुणाला? आणि कुणीतरी देवासाठी म्हणून ती ओतली होती. तो आमचा देव नव्हता, पण देवासाठीच ओतली होती. माझ्या देखत त्यावर कानस चालणार नाही. मी घंटेखाली खुर्ची टाकून बसलो. कानस घेऊन आलेले परत गेले. पुढच्या निवडणुकीत त्यांनी मला पाडलं. आता मी विश्वस्त नाही. पण क्रूस जागेवर आहे."

शेवटची वाक्यं सांगताना शुभदाचा आवाज फुटला. हे तिला माहीत नव्हतं. चारुदत्तलाही नव्हतं. वय झालं म्हणून सोडलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि दोघांनी ते खरं मानलं होतं. तिला आपल्या सासऱ्यांचा इतका अभिमान वाटला, की क्षणभर ती परीक्षा-बिरीक्षा सगळं विसरली. लीएजच्या आजी पुढे आल्या आणि त्यांनी वासुदेवरावांचा हात दोन्ही हातांत धरला. वासुदेवराव अवघडून उभे राहिले. परक्या बाईने हात धरला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी घसा खाकरला.

"चल, पुढचं दाखव," ते सुनेला म्हणाले. "लोक थांबलेत."

पुढचं शुभदाने दाखवलं, आणि कसं म्हणून सांगू. एकही पाठ केलेली ओळ नव्हती. कार्लने सॅक्सन लोकांचा पवित्र स्तंभ पाडला, ते सांगताना तिने सॅक्सनांची बाजू सोडली नाही. आणि त्याच कार्लने बांधलेली ही कमान बाराशे वर्षांत ढळली नाही, हे सांगताना तिने मान वर करून सगळ्यांना ती बघायला लावली. जिंकणाऱ्याचा दिमाख आणि हरणाऱ्याचं नुकसान तिने एकाच दगडात दाखवलं. निवृत्त शिक्षिका प्रश्न विचारू लागल्या, कोलोनचा मुलगा हसायचा थांबून जवळ येऊन उभा राहिला. वासुदेवराव आता भाषांतर मागत नव्हते. ते सुनेकडे आणि तिच्याकडे टक लावून बघणाऱ्या जर्मन लोकांकडे आळीपाळीने बघत होते.

बाहेर चौकात फ्राउ क्रेमरनी तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या, सम्राट बार्बारोसाने डोमला दिलेलं झुंबर तुम्ही चक्क विसरलात, वेळ फार जास्त घेतला, आणि सासरे मधे बोलणं नियमात बसत नाही. शुभदाचे खांदे पडले. मग त्यांनी वही मिटली आणि हात पुढे केला. म्हणाल्या, पास. झुंबर पुढच्या वेळी नक्की सांगा. चारुदत्तने भर चौकात बायकोला मिठी मारली, वडिलांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा. शुभदाचा जीव भांड्यात पडला, पण डोळे सारखे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

वासुदेवरावांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. चारुदत्त कॉफी आणायला गेला, तेव्हा ते बाकावर तिच्या शेजारी येऊन बसले.

"हे घरात कधी का बोलली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटायची, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." मग तिने धीर केला. "आणि तुम्ही? विश्वस्तपद गेलं ते का नाही सांगितलंत आम्हाला?"

वासुदेवरावांनी बोटांनी पँटवरची नसलेली धूळ झटकली.

"हरलो होतो ना मी," ते म्हणाले. "हरलेल्याचं कोण सांगतं?"

"मी सांगते," शुभदा म्हणाली. "आता तेच माझं काम आहे."